राखणदार: कारखान्यातल्या कॉम्प्युटरांवर नजर ठेवणारा, विचारलं की बोलणारा बॉट

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा एखादा मध्यम कारखाना डोळ्यांसमोर आणा. ऑफिसात हिशेबाचा पीसी, जेकार्डची डिझाइनं करणारा दुसरा पीसी, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, राउटर, स्विच, बिलांचा प्रिंटर. एवढ्यासाठी पूर्णवेळ माणूस कुणी ठेवत नाही. मग हिशेबाचा बॅकअप तीन आठवडे होतच नव्हता हे डिस्क गेल्यावर कळतं, आणि डीव्हीआर बंद होता हे फुटेज हवं असतं त्या दिवशी कळतं.

हे राखणीचं काम एका बॉटला देता येतं. तो टेलिग्रामवर राहतो, दर पाच मिनिटांनी सगळ्या यंत्रांवरून फेरी मारतो, बिघडलं तर सांगतो आणि विचारलं तर उत्तर देतो. पायथनच्या दोन-अडीचशे ओळींत हे बसतं. फंक्शन, लूप आणि डिक्शनरी एवढं येत असेल तर एका रविवारात पहिलं उत्तर मिळतं. त्याला बोलायला शिकवणं सोपं आहे. खरी मेहनत आहे ती गप्प कधी बसायचं हे शिकवण्यात, आणि गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे की तो स्वतःच मेलाय, हे आपल्याला कळण्याची सोय करण्यात. म्हणून या लेखात त्यालाच जास्त जागा दिली आहे.

कुठल्या यंत्रावर बसवायचा

बहुतेक जण रास्पबेरी पाय हा छोटा, एका बोर्डाचा कॉम्प्युटर घेतात. आमची शिफारस जुन्या लॅपटॉपची. त्याला बॅटरी असते, म्हणजे वीज गेली तरी बॉट लगेच मरत नाही. शिवाय पीएसयूटिल ही पायथनची लायब्ररी (तयार कोडचा संच) लॅपटॉप चार्जरवर आहे की बॅटरीवर ते सांगते. चार्जर इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर नसलेल्या सॉकेटला लावा आणि राउटर मात्र यूपीएसवर ठेवा. वीज गेल्याची खबर वेगळं यंत्र न घेता मिळते. एखाद्या झटक्यासाठी मेसेज नको, म्हणून वीज सलग ६० सेकंद नसेल तरच कळवायचं.

लॅपटॉपवर डेबियन किंवा उबंटू हे लिनक्स टाका. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, म्हणून लॉगिनडी या लिनक्सच्या सेवेच्या कॉन्फिग फाइलमध्ये हँडल-लिड-स्विच हे ‘इग्नोर’ करा. बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला, तर तो लॅपटॉप या कामाला घेऊ नका. सतत चार्जिंग आणि सोलापूरचा उन्हाळा एकत्र आले की फुगलेली बॅटरी धोक्याची असते.

रास्पबेरी पाय वापरायचाच असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाय ४ आणि त्याआधीच्या मॉडेलांत स्वतःचं घड्याळ चालत नाही. वीज येऊन नेट यायच्या आत पाय सुरू झाला तर तारीख मागेच राहते, त्यामुळे टेलिग्रामचं सर्टिफिकेट त्याला चुकीचं वाटतं आणि कनेक्शन होत नाही. कोड बरोबर असूनही बॉट गप्प, असं दिसलं की आधी तारीख बघा.

टाइमझोन आशिया-कोलकाता करायला विसरू नका. यंत्र यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर राहिलं तर सकाळी ९ चा अहवाल दुपारी २:३० ला येतो.

टेलिग्रामची बाजू

टेलिग्राममध्ये बॉटफादर हा बॉट बनवून देणारा बॉट उघडा, नवीन बॉट मागा, नाव द्या. दिसणारं नाव ‘राखणदार’ असं देवनागरीत चालतं, पण युजरनेम रोमन लिपीत आणि शेवटी ‘बॉट’ असलेलंच लागतं. मग टोकन मिळतं. टोकन म्हणजे बॉटची किल्ली. ती कोडमध्ये लिहू नका. वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि त्या फाइलची परवानगी ६०० करा, म्हणजे ती फक्त तिच्या मालकालाच वाचता येईल. चुकून गिटवर (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनावर) गेली तर फाइल पुसून भागत नाही, इतिहासात ती राहते. बॉटफादरकडून टोकन रद्द करून नवीन घ्या.

बॉट आपणहून कुणाशी बोलणं सुरू करू शकत नाही. ज्याला मेसेज हवेत त्याने एकदा त्याला ‘स्टार्ट’ केलंच पाहिजे. ग्रुपमध्ये घालणार असाल तर तिथे प्रायव्हसी मोड आड येतो. तो चालू असताना ग्रुपमधले साधे मेसेज बॉटला दिसत नाहीत, फक्त तिरक्या रेघेने सुरू होणाऱ्या कमांड आणि त्याला दिलेली उत्तरं दिसतात. बॉटफादरकडून तो मोड बंद करा, आणि नंतर बॉटला ग्रुपमधून काढून पुन्हा घाला. हे दुसरं पाऊल बहुतेकांचं राहून जातं.

पहिलं संभाषण

टेलिग्रामशी जोडणाऱ्या तयार लायब्ररी आहेत, पण सुरुवातीला त्या घेऊ नका. सगळ्यात प्रसिद्ध लायब्ररीची रचना २० व्या आवृत्तीत पूर्ण बदलली. जुन्या व्हिडिओतला कोड आज तसाच चालवला तर पहिल्या दोन-तीन ओळींतच अडकतो. रिक्वेस्ट्स आणि पीएसयूटिल एवढ्या दोन लायब्ररी पुरतात. नव्या डेबियन-उबंटूवर पिप (लायब्ररी बसवणारी कमांड) थेट चालवलं तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ असं म्हणून नकार येतो. आधी व्हेन्व्ह, म्हणजे या कामापुरती पायथनची वेगळी जागा, करा आणि त्याच्या आत इन्स्टॉल करा.

बॉटचा गाभा एकच लूप आहे. टेलिग्रामच्या ‘गेट-अपडेट्स’ला विचारायचं: नवीन मेसेज आहे का? टाइमआउट ५० सेकंद द्यायचा, म्हणजे मेसेज नसेल तर टेलिग्राम तेवढा वेळ कनेक्शन धरून ठेवतो. रिक्वेस्ट्सचा स्वतःचा टाइमआउट याहून मोठा, ६० ठेवा, नाहीतर उत्तर यायच्या आत आपणच फोन ठेवल्यासारखं होतं. मेसेज आला की त्याचा अपडेट-आयडी घ्या, त्यात १ मिळवा आणि पुढच्या वेळी ऑफसेट म्हणून द्या. हा १ मिळवायचा राहिला तर बॉट त्याच प्रश्नाला पुन्हा पुन्हा उत्तर देत बसतो. उत्तर ‘सेंड-मेसेज’ने जातं, एका मेसेजात ४०९६ अक्षरांपर्यंत.

या पद्धतीत बॉट आतून बाहेर जोडतो. त्यामुळे स्थिर आयपी, पोर्ट फॉरवर्डिंग, डोमेन यातलं काहीही लागत नाही. ब्रॉडबँड असो की मोबाइलचा हॉटस्पॉट, चालतं.

पहिल्या दिवशी हमखास भेटणारे एरर असे. ४०१ आला तर टोकन चुकलंय. ४०९ आला तर त्याच टोकनवर दुसरीकडेही बॉट चालू आहे, बहुतेक तुमच्याच दुसऱ्या टर्मिनलमध्ये. ४२९ आला तर तुम्ही फार भराभर मेसेज पाठवताय. उत्तरात किती सेकंद थांबायचं ते लिहिलेलं असतं, तेवढं थांबा. ४०० आणि ‘कान्ट पार्स एन्टिटीज’ आलं तर मेसेजात मार्कडाउन (चिन्हांनी अक्षर ठळक-तिरपं करण्याची सोय) चालू आहे आणि यंत्राच्या नावातल्या अंडरस्कोअरने घोळ केलाय. सुरुवातीला मार्कडाउन लावूच नका.

आलेला प्रत्येक मेसेज कुणाचा आहे ते तपासा. मान्य केलेल्या युजर-आयडींची यादी ठेवा आणि यादीबाहेरच्याला काहीच उत्तर देऊ नका. युजरनेम शोधून कुणीही बॉटला लिहू शकतो. आणि माणसाने लिहिलेला मजकूर शेलमध्ये, म्हणजे यंत्राची कमांड म्हणून, कधीही चालवायचा नाही. बॉटला चार ठरावीक कामं येऊ द्या, त्यांच्यापलीकडे एकही नको.

आणखी एक सापळा आहे. टेलिग्राम न वाचलेले मेसेज २४ तासांपर्यंत सांभाळून ठेवतो. दुपारी १२ ला कुणीतरी ‘हिशेब पीसी रीस्टार्ट’ लिहिलं, बॉट बंद होता, ३ ला सुरू झाला, तर तो ३ वाजता रीस्टार्ट करेल, ऐन बिलिंगच्या वेळी. मेसेजची वेळ बघा, आणि कृतीचा हुकूम दोन मिनिटांपेक्षा जुना असेल तर तो सोडून द्या.

आकडे कुठून आणायचे

पीएसयूटिल ज्या यंत्रावर चालते त्याचेच आकडे देते. हिशेबाच्या पीसीची डिस्क लॅपटॉपवरून दिसणार नाही. म्हणून प्रत्येक विंडोज पीसीवर वीस ओळींची एक स्क्रिप्ट ठेवायची. तिने दर पाच मिनिटांनी डिस्क, मेमरी आणि बॅकअपच्या सर्वांत नव्या फाइलची वेळ व साइझ लॅपटॉपकडे पाठवायची. लॅपटॉपवर पायथनचा साधा एचटीटीपी सर्व्हर ते घेतो आणि आलेल्या वेळेसह जपून ठेवतो. सोबत एक गुप्त शब्द पाठवा, तो जुळला तरच आकडे घ्या.

विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये दोन गोष्टी छळतात. ‘एसी पॉवरवर असेल तरच सुरू करा’ ही खूण आधीपासून लावलेली असते. यूएसबीने जोडलेला यूपीएस विंडोजला बॅटरीसारखा दिसतो, त्यामुळे वीज गेली की नेमकी हीच स्क्रिप्ट थांबते. ती खूण काढा. दुसरं, स्क्रिप्ट साध्या पायथनने चालवली तर दर पाच मिनिटांनी काळी खिडकी उघडून मिटते आणि कामावरचा माणूस वैतागून टास्कच बंद करतो. तिथे पायथन-डब्ल्यू वापरा.

डीव्हीआर, प्रिंटर, राउटर यांच्यावर स्क्रिप्ट बसत नाही. त्यांना पिंग करा, म्हणजे नेटवर्कवरून ‘आहेस का’ असं विचारा, किंवा त्यांच्या पोर्टवर (यंत्रातल्या त्या-त्या सेवेच्या क्रमांकावर) टीसीपी कनेक्शन होतं का बघा. डीव्हीआरला सहसा ५५४, नेटवर्क प्रिंटरला ९१००. पिंगपेक्षा पोर्टची तपासणी जास्त खरी, कारण आतली सेवा अडकलेली असतानाही यंत्र पिंगला उत्तर देऊ शकतं. बॉट विंडोजवर चालवत असाल तर पिंगच्या एक्झिट कोडवर विसंबू नका. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आलं तरी तो कोड शून्य असू शकतो. उत्तरात ‘टीटीएल’ आहे का ते शोधा. आणि राउटरमध्ये या सगळ्यांचे आयपी पक्के करून ठेवा, नाहीतर एक दिवस प्रिंटरचा आयपी डीव्हीआरला जातो आणि बॉट मनापासून चुकीचं सांगतो.

कधी बोलायचं, कधी गप्प बसायचं

पहिल्या आठवड्यात चाळीस मेसेज आले की माणसं ग्रुप म्यूट करतात. एकेचाळिसावा खरा असतो.

सीपीयूची सूचना ठेवूच नका. जेकार्डचं मोठं डिझाइन तयार होताना सीपीयू १०० टक्के जातो, आणि जायलाच हवा. विचारलं तर आकडा सांगावा, आपणहून सांगू नये. तो मोजताना एक सेकंदाचं अंतर द्या. अंतर न देता पहिल्यांदाच विचारलं तर ० येतो आणि त्याला अर्थ नसतो. डीव्हीआरच्या डिस्कचीही सूचना नको. ती भरते आणि जुनं रेकॉर्डिंग पुसून पुढे चालते, हेच तिचं काम.

पीसीची डिस्क मात्र बघायची, पण टक्क्यांनी नाही, दिवसांनी. रोज रात्री मोकळी जागा लिहून ठेवा. आठवड्यापूर्वी ३२ जीबी होती, आज १८ आहे, म्हणजे रोज २ जीबी जातात आणि हातात ९ दिवस आहेत. ‘९ दिवसांत भरेल’ हे वाचून माणूस उठतो, ‘९१ टक्के’ वाचून उठत नाही. लिनक्सवर जागा दिसत असूनही फाइल लिहिली जात नसेल तर आय-नोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपलेत का ते तपासा. लाखो छोट्या फाइली साठल्या की असं होतं.

बॅकअपसाठी तीन प्रश्न पुरतात: सर्वांत नवी फाइल २६ तासांच्या आतली आहे का, तिची साइझ शून्य नाही ना, आणि कालच्यापेक्षा निम्म्याहून लहान झाली नाही ना. २४ ऐवजी २६, कारण बॅकअप रोज थोडा मागे-पुढे होतो. अख्ख्या बॉटमधली ही एकच तपासणी करायला वेळ असेल तर हीच करा.

‘बंद आहे’ म्हणायला एक चुकलेली फेरी पुरेशी नाही. सलग तीन फेऱ्या उत्तर नसेल तरच बोलायचं. सीमारेषाही एकच ठेवू नका. मेमरी ९० टक्क्यांवर गेली की सूचना, आणि ८० च्या खाली आली तरच ‘ठीक झालं’. दोन्हीकडे ९० ठेवलं तर आकडा ८९ आणि ९१ मध्ये झोके घेतो, आणि त्याच्याबरोबर मेसेजही. कुठली सूचना देऊन झाली हे फाइलमध्ये लिहून ठेवा, नाहीतर बॉट रीस्टार्ट झाला की जुनं सगळं पुन्हा सांगतो.

फेरीला क्रम हवा. आधी स्विच (त्याला स्वतःचा आयपी हवा, साधा स्विच पिंगला उत्तर देत नाही). तोच उत्तर देत नसेल तर त्याच्यामागचे पाच डब्बे ‘बंद’ म्हणून वेगवेगळे कळवायचे नाहीत, एकच मेसेज जायला हवा. रात्री मुद्दाम बंद केले जाणारे पीसी कामाच्या वेळेबाहेर आणि सुट्टीच्या दिवशी तपासू नका.

सूचनेखाली ‘बघतोय’ असं बटण द्या. कुणी दाबलं ते बॉट ग्रुपला सांगतो, आणि ती सूचना दोन तास शांत होते. एकाच बिघाडामागे तिघं धावत नाहीत आणि ‘मला वाटलं तू बघतोयस’ हेही होत नाही. बटणामागे जो डेटा जातो त्याला ६४ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, म्हणजे २१ चिन्हांतच जागा संपते. बटणावर मराठी लिहा, आत मात्र नुसते अंक ठेवा.

आता बॉटच्या स्वतःच्या मरणाबद्दल. संभाषण आणि फेरी या दोन गोष्टी वेगळ्या थ्रेडमध्ये (एकाच प्रोग्रामच्या समांतर धाग्यांत) चालतात, कारण गेट-अपडेट्स ५० सेकंद थांबून राहतो. पायथनमध्ये एक थ्रेड एरर येऊन मेला तरी दुसरा चालूच राहतो. फेरीचा थ्रेड मरतो, संभाषणाचा जिवंत असतो, तुम्ही विचारता, बॉट कालचेच आकडे तत्परतेने सांगतो. यापेक्षा बंद बॉट बरा. फेरीचा लूप ट्राय-एक्सेप्टमध्ये ठेवा, एरर लॉगमध्ये लिहा, आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी शेवटच्या फेरीची वेळ छापा:

तुम्ही: हिशेब डिस्क
राखणदार: हिशेब पीसी, डी ड्राइव्ह: १८ जीबी मोकळी, ९ दिवस पुरेल. बॅकअप आज पहाटे २:०५, ६४० एमबी. शेवटची फेरी ११:४२.

फेरी १५ मिनिटांपेक्षा जुनी असेल तर हे वाक्य सगळ्यात वर आणि ‘थांबलेली’ या शब्दासकट यायला हवं.

नेट गेलं तर बॉट ते सांगूच शकत नाही. त्याने वेळ टिपून ठेवावी आणि नेट आल्यावर ‘नेट २:१० ते २:४७ बंद होतं’ असा एकच मेसेज द्यावा. पण तोवर काय? त्यासाठी बाहेरचा पहारेकरी लागतो. बॉटने दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या पत्त्यावर ‘आहे’ असं कळवायचं. १५ मिनिटं ‘आहे’ आलं नाही तर तिकडून मेसेज. हेल्थचेक्स डॉट आयओसारख्या सेवा हेच करतात. घरच्या दुसऱ्या लॅपटॉपवर, दुसऱ्या नेटवरही हे जमतं. शिवाय रोज सकाळी ९ ला एक ओळ: सगळं ठीक, ७ पैकी ७. ही ओळ आली नाही की माणसाच्या मनात आपोआप खटकतं.

‘नेट हाय का बे’

तिरक्या रेघेच्या कमांडमध्ये फक्त छोटी रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर चालतात. पण साधा मेसेज कुठल्याही भाषेत येऊ शकतो, आणि शिफ्टवरचा माणूस कमांड पाठ करणार नाही. तो लिहिणार ‘नेट हाय का बे’, ‘नेट गेलंय का’, किंवा हेच रोमन लिपीत. त्याच्यासाठी मोठं भाषेचं मॉडेल लागत नाही. मुख्य शब्द ओळखला की झालं.

इथे पहिली चूक अशी होते: मेसेजात ‘नेट’ कुठेही आहे का, असं शोधलं जातं. मग ‘कॅबिनेट गरम झालंय का’ या प्रश्नाला बॉट इंटरनेटचा हाल सांगतो, कारण ‘कॅबिनेट’च्या शेवटी ‘नेट’ आहे. आणि पूर्ण शब्द जुळवायला गेलात तर ‘नेटचं’, ‘डिस्कमध्ये’ सुटतात, कारण मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो. उपाय सोपा: वाक्य मोकळ्या जागांवर तोडा आणि प्रत्येक तुकड्याची सुरुवात जुळते का ते पाहा. ‘इंटरनेट’ यादीत वेगळा घाला. तुकडे करायला रेग्युलर एक्स्प्रेशनमधला ‘शब्द’ वापरू नका. पायथनची नेहमीची आरई लायब्ररी मात्रांना अक्षर मानत नाही, म्हणून ‘नेट’ मात्रेपाशीच तुटतो. साधा स्प्लिट बरोबर चालतो.

एका शब्दाची दोन-तीन लेखनं ठेवा: सर्व्हर आणि सर्वर, बॅकअप आणि बॅकप. ‘ॲ’ हे अक्षर काही कीबोर्ड एका चिन्हाने लिहितात, काही ‘अ’वर चंद्र देऊन. दिसायला सारखं, आतून वेगळं, आणि युनिकोड नॉर्मलायझेशनही ते एक करत नाही. तो बदल स्वतः करून घ्या. अंकांची काळजी नको, ‘५’ पायथनच्या इंटला थेट समजतो. सोलापुरात कारखान्यात तेलुगू आणि कन्नड बोलणारे बरेच असतात. ‘करंट गेला’ला ते काय लिहितात ते त्यांनाच विचारा आणि यादीत घाला. न समजलेला प्रत्येक मेसेज फाइलमध्ये साठवा. महिन्याभरात ती फाइलच तुमचा शब्दकोश होते.

उन्हाळा आणि तूस

एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४० च्या वर असतो, आणि टॉवेलच्या शेडजवळच्या ऑफिसात सुताचं तूस पंख्यात आणि हीटसिंकमध्ये बसतं. तापमान एका दिवसात नाही, महिन्याभरात चढतं. लिनक्स यंत्राचं सीपीयूचं तापमान पीएसयूटिल देते. विंडोजवर ही सोय नाही. पण नुसता आकडा फसवतो, कारण मार्चपासून खोलीच तापत जाते. म्हणून खोलीचं तापमानही मोजा आणि दोन्हींतला फरक नोंदवा. ईएसपी८२६६ हा वायफायचा छोटा बोर्ड, डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर आणि डेटा व ३.३ व्होल्टच्या तारेत ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, एवढं सामान लागतं. बोर्ड आकडा वायफायवरून त्याच सर्व्हरला पाठवतो. यंत्र निवांत असताना, म्हणजे पहाटे, फरक घ्या. फरक २० अंशांवरून ३० वर गेला तर कारण उन्हाळा नाही, तूस आहे. ब्लोअरने साफ करताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, जोरात फिरू देऊ नका.

या सेन्सरची एक खोड आहे. वीज मिळाल्यावर मोजमाप व्हायच्या आत विचारलं तर तो नेमके ८५ अंश सांगतो. खोलीचे ८५ आले तर ते टाकून द्या. नाहीतर वीज आली की दर वेळी आगीची सूचना जाईल.

कायम चालू ठेवणं

टर्मिनल बंद केलं की बॉट मरतो, म्हणून सिस्टमडी या लिनक्सच्या सेवा चालवणाऱ्या यंत्रणेत त्याची सर्व्हिस करा. रीस्टार्ट ‘ऑलवेज’, रीस्टार्ट-सेक १०, टोकनची फाइल एन्व्हायर्नमेंट-फाइल म्हणून, आणि रूटऐवजी वेगळा साधा युजर. रीस्टार्ट-सेक दिलं नाही तर नेट नसताना बॉट भराभर पाच वेळा पडतो आणि सिस्टमडी नाद सोडते. नेट आलं तरी तो उठत नाही. का पडला ते जर्नल-सीटीएल या कमांडने लॉगमध्ये दिसतं.

कामावर लावण्याआधी एक तास काढून मुद्दाम बिघडवा. डिझाइन पीसीची केबल काढा: १५ मिनिटांनी एकच मेसेज यायला हवा. स्विच बंद करा: इथेही एकच, आणि तो स्विचचाच, लॅपटॉप त्याच स्विचवर असेल तर त्याला आधी वायफायवर घ्या. बॅकअपच्या फोल्डरमध्ये शून्य बाइटची फाइल टाका. चार्जर उपसा. शेवटी बॉटची सर्व्हिसच थांबवा आणि घड्याळ लावून बसा. १५ मिनिटांत बाहेरच्या पहारेकऱ्याचा मेसेज फोनवर आला नाही, तर बाकी सगळं चालत असलं तरी बॉट अजून तयार नाही.